पट्टा सरकला वाटतं

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला. त्या हातावर दोन घड्याळं होती.

मग दुसरा हात आला. त्यावरही दोन.

आणि मग त्या हातांचा मालक आला. काखेत निथळणारी छत्री, चष्म्यावर पावसाचे थेंब, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "सॉरी," म्हणाला आणि कोपऱ्यात उभा राहिला. छत्रीचं पाणी माझ्या चपलांकडे येऊ लागलं.

मी भिंगरीला जवळ ओढलं. भिंगरी म्हणजे माझी लेक, वर्षं चार. एका जागी पाय ठरत नाही म्हणून माझ्या आईनं ठेवलेलं हे नाव. त्या दिवशी पाळणाघर बंद होतं, म्हणून तिला ऑफिसात घेऊन निघाले होते. आणि आता बंद लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि हा चार घड्याळांचा माणूस. चोरीची असतील का? विकत असेल का? सहावा मजला इतक्या उशिरा का येतो?

"काका," भिंगरी म्हणाली, "तुम्हाला किती वाजले ते कळत नाही का?"

"भिंगरी!"

"मग चार कशाला घातलीत?"

त्यानं गुडघे वाकवले आणि दोन्ही हात अगदी गंभीरपणे तिच्यापुढे धरले. "चार घातलीत म्हणूनच कळत नाही गं. ही घड्याळं हृदयाचे ठोके मोजतात. हे म्हणतं, ऐंशी. हे म्हणतं, छे, ब्याण्णव. हे रुसलंय, काही बोलतच नाही. आणि हे... हे म्हणतं की मी झोपलोय."

"तुम्ही झोपलायत?"

"कधीकधी मलाही शंका येते."

मी हसणार नव्हते. हसण्यासारखं त्यात होतं काय? पण हसू आलंच — ओठ मिटून धरले तरी नाकातून निसटलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. चष्म्यावरच्या थेंबांमागे डोळे होते... म्हणजे डोळे सगळ्यांनाच असतात, पण मला ते उगीच दिसले.

आणि त्याच्या हातावरचं एक घड्याळ वाजू लागलं.

"का वाजलं?" भिंगरी.

"ठोके जरा वाढले की वाजतं." त्यानं मनगट झटकलं, घड्याळ कानाला लावलं, कपाळाला आठी घातली. "पण वाजायला नको होतं. मी तर नुसता उभा..." तो थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लिफ्टच्या छताकडे. "बिघडलं असेल."

पाचवा मजला आला. तो उतरला. दार मिटल्यावर मी माझ्या मनगटाकडे बघितलं — कारण तसलंच एक घड्याळ माझ्याही हातावर होतं. आकडा वाढलेला होता.

आता ही भीती की आणखी काही? मला कळेना. खरं सांगते, पुढचे कितीतरी दिवस मला हेच एक कळत नव्हतं.

माझं काम सूचना लिहिण्याचं. मिक्सर घेतला, इस्त्री घेतली की खोक्यातून एक पातळ पुस्तिका निघते, जी कुणीही वाचत नाही. ती कुणीतरी लिहिलेली असते. ती मी लिहिते. 'भांडे नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये.' 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत. कुठल्या वस्तूनं काय काय होऊ शकतं याचा विचार करण्याचे मला पैसे मिळतात. तो विचार मी फुकटातसुद्धा करतच असते.

तर, आमच्या कंपनीनं असं घड्याळ बनवलं होतं आणि त्याची पुस्तिका माझ्याकडे आली होती. पुस्तिकाच नाही, घड्याळ वाजलं की काचेवर जे वाक्य उमटतं तेही माझंच: 'आपल्या हृदयाचे ठोके वाढले आहेत. कृपया शांत बसा.' त्यातलं 'कृपया' मी भांडून घालून घेतलं होतं. लिहिण्यापूर्वी वस्तू वापरून बघायची अशी माझी पद्धत, म्हणून नमुन्याचं एक घड्याळ मी हातावर चढवलं. आणि तिथेच माझी झोप उडाली.

दिवसभर आकडा शहाण्यासारखा असायचा. जिने चढले की चढायचा, बसले की उतरायचा. पण भिंगरीला झोपवायला तिच्याशेजारी आडवी झाले, की सुरू! शंभर... एकशे दहा... एकशे वीस. खोलीत अंधूक उजेड, पंख्याचा आवाज, मी उशीवर डोकं टेकून पडलेली — आणि हृदय म्हणे धावतंय. मग ते बघून खरोखरच छाती धडधडायची.

डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख काढला. स्वच्छ आला. "काही नाही झालेलं. ते घड्याळ काढून ठेवा," म्हणाल्या. मी मान हलवली आणि बाहेर येऊन घड्याळ परत घातलं. त्यांचा आलेख खरा असेलही, पण त्यांच्या दवाखान्यात मी भिंगरीला झोपवत नव्हते ना!

घरात आम्ही तिघी. आई, मी, भिंगरी. भिंगरीचे बाबा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात असतात आणि आठवण झाली की फोनच्या पडद्यावर हसतात. आईचे गुडघे दुखतात. मला काही झालं तर भिंगरीची वेणी कोण घालणार, इथपासून माझा विचार सुरू व्हायचा आणि तिच्या लग्नात कुणी उभं राहायचं, इथपर्यंत जाऊन यायचा. तेवढ्यात ती झोपलेली असायची.

लिफ्टमधल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी मी पाचव्या मजल्यावर गेले. पुस्तिकेसाठी माहिती हवी, असं कारण काढलं. खरं कारण मी डॉक्टरबाईंखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. हृदय बिघडलंय हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की खरं होईल, असं काहीतरी मनात होतं.

पाचव्या मजल्यावर आमच्या कंपनीची लॅब आहे. ट्रेडमिल, सायकली, घामाचा आणि नव्या रबराचा वास, आणि भिंतीवर एक भलामोठा पडदा. चार घड्याळांचा माणूस तिथेच होता. आज फक्त दोन घातली होती.

"लिफ्टमधल्या मॅडम! आणि ती छोटी तपासणी अधिकारी कुठे आहे?"

"पाळणाघरात. तुम्ही इथे... घड्याळं विकत नाही तर?"

"विकत? मी त्यांच्या चुका काढतो." त्यानं एक काळा पट्टा उचलून दाखवला. "हा छातीला बांधायचा. हा थेट हृदयाची खूण पकडतो. मनगटावरचं घड्याळ बिचारं कातडीतून उजेड टाकून अंदाज बांधतं. म्हणून पट्टा म्हणेल ते खरं धरायचं आणि घड्याळ किती चुकलं ते बघायचं. पडद्यावर हिरवी रेघ पट्ट्याची, तांबडी घड्याळाची."

"म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढता."

"दिवसभर."

"आणि घरी?"

"घरी चुका करायला कुणी नाही." तो सहज म्हणाला. मग आपण काय बोललो ते कळून चष्मा पुसू लागला.

लॅबमध्ये एक ताई काम करायच्या — केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी मला आत नेऊन छातीला पट्टा बांधून दिला. मी ट्रेडमिलवर चालले, थांबले, पुन्हा चालले. हिरवी रेघ आणि तांबडी रेघ हातात हात घालून चालल्यासारख्या गेल्या. म्हणजे घड्याळ बरोबर होतं. घड्याळ बरोबर असेल तर संध्याकाळचा आकडाही बरोबर!

"तुम्ही घड्याळ फार सैल घालता," तो म्हणाला. "मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट हवं."

"माहीत आहे. ते पान मीच लिहिलंय."

"मग?"

"लेकीला झोपवताना मला ते वर-खाली सरकवावं लागतं. तिला टोचतं."

"द्या बघू हात."

मी दिला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं; डॉक्टरला देतो तसा दिला. त्याची बोटं गार होती. त्यानं घड्याळाचा बंद एक भोक पुढे ओढला, खालून करंगळी घालून बघितली...

हिरवी रेघ टुणकन वर गेली. भिंतीएवढ्या पडद्यावर. सगळ्यांसमोर.

ताई खोकल्या.

त्यानं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. "पट्टा सरकला वाटतं," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

तो मागे झाला. रेघ खाली आली. तो जवळ आला, हात पुढे केला. रेघ वर. "विचित्र आहे," तो पुटपुटला. खरोखर विचारात पडला होता तो! "हलल्यानं चूक येतेय का? पण तुम्ही तर हललाच नाहीत."

"तू जरा लांब उभा राहून बघ," ताई म्हणाल्या.

तो प्रामाणिकपणे भिंतीपर्यंत गेला. रेघ शांत झाली. "बघितलंत?" तिथूनच विजयानं ओरडला. "पट्टाच आहे!"

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

नंतर जिन्यात उभं राहून मी स्वतःला विचारलं, आत्ता झालं ते काय होतं? घाबरले होते का? घाबरल्यावरही असंच होतं — तोंड कोरडं, कान गरम, छातीत पाखरू. आणि ते दुसरं जे काय असतं, त्यातही असंच होत असावं. आकडा सारखाच. मग माणसानं ओळखायचं कशावरून?

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी पाचव्या मजल्यावर जाऊ लागले. पुस्तिकेसाठीच. तो घड्याळाला फसवायच्या नाना तऱ्हा करायचा — माझे हात गार पाण्यात बुडवायचा, मला कडक कॉफी पाजायचा, जिने चढायला लावायचा. मला वाटायचं, यातूनच कधीतरी आपल्या संध्याकाळच्या आकड्याचं उत्तर सापडेल. त्याला काय वाटायचं, देव जाणे. तो मला 'सूचनाबाई' म्हणू लागला होता.

"सूचनाबाई, माझी पुस्तिका लिहायची झाली तर पहिली सूचना काय?"

"वापरण्यापूर्वी पूर्ण वाचावे."

"मग? वाचलंत?"

"अजून वेष्टणच निघत नाहीये."

"आणि तुमच्यावर काय लिहिलेलं असेल?"

"नाजूक. उलटे ठेवू नये."

"चूक," तो म्हणाला. जिन्याच्या खिडकीला टेकून उभा होता, मागे काचेवरून पाणी ओघळत होतं. "'आवाज आल्यास घाबरू नये' असं असेल."

आवाज येत होता. माझाच, आतून.

"रविवारी..." त्यानं खिडकीच्या काचेवर बोटानं एक रेघ काढली, वर जाणारी, खाली येणारी. "रविवारी बागेत याल? भिंगरीला घेऊन. म्हणजे — यात चाचणी वगैरे नाही. पट्टा नाही. नुसतं चालायचं. तिला झोके आवडतात म्हणाला होतात ना?"

"मी... बघून सांगते," मी म्हटलं आणि लिफ्ट समोर असताना जिन्यानं पळाले.

घरी आई भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून शेंगांच्या शिरा काढू लागले.

"आई, बाबांना पहिल्यांदा भेटलीस तेव्हा छातीत धडधडलं होतं का गं?"

आईनं बराच वेळ आठवलं. "घाम फुटला होता मला."

"अगं बाई! हो?"

"पण वीज गेली होती," आई म्हणाली. "पंखा बंद होता."

"म्हणजे प्रेमानं फुटला की उकाड्यानं?"

"आता ते कसं कळणार? वीज आली तेव्हा लग्न ठरलं होतं." तिनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली. "निम्मी शेंग फेकून देतेयस. कोण आहे तो?"

"कोण तो? कुणी नाही."

"बरं," आई म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये सगळा पंचनामा असतो.

त्या संध्याकाळी भिंगरीला झोपवताना आकडा एकशे वीसच्याही वर गेला. मी अंधारात तिच्या केसांचा वास घेत पडले आणि ठरवून टाकलं. ज्या हृदयाचा भरवसा नाही, ते कुणाला द्यायचं कशाला? आधीच एका लहान जीवाला त्याच्या आधारानं उभं केलंय. त्यात आणखी एक माणूस कशाला गुंतवायचा?

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याला गाठलं. "मला नाही जमणार. बागेचं."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या 'बरं'मध्ये काहीच नव्हतं. नुसता उतरलेला चेहरा होता. "रविवारी नाही, की... कधीच नाही?"

"माझं हृदय ठीक नाही."

मी बोलून गेले. इतके दिवस आईलाही न सांगितलेलं, पायरीवर उभं राहून याला सांगून टाकलं — संध्याकाळ, अंधूक खोली, चढत जाणारा आकडा, भिंगरीची वेणी, सगळं. रडायचं नाही म्हणून जिन्याचा कठडा घट्ट धरून ठेवला होता.

त्याचा रंग उडाला. मग तो चक्क चिडला. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय? मी तुम्हाला कॉफ्या पाजतोय, जिने चढायला लावतोय... अहो, मला वाटलं पुस्तिकेसाठी..."

"पुस्तिकेसाठीच!"

"पुस्तिकेसाठी कुणी गार पाण्यात हात घालतं का?" तो पायरीवर बसला. चष्मा काढला, घातला. "कधी होतं? नेमकं."

"तिला झोपवताना. दुपारी झोपवलं तर दुपारीही."

"मग तिथेच मोजायला हवं. घड्याळ बरोबर बांधून इथे चालवून काय उपयोग! ज्या जागी चुकतं त्या जागी बघायला हवं. पट्टा मी आणतो. रविवारी दुपारी — आई असतील ना घरी?"

"असेल. दारातून हलणारच नाही ती."

"छान," तो म्हणाला. एवढंच. त्याला माझी काळजी होती की घड्याळाच्या चुकीची? मला कळेना. बहुधा त्यालाही.

रविवारी तो आला, पिशवीत पट्टा आणि टॅब, दोन्ही हातांवर मिळून चार घड्याळं. रविवारीही सुटत नव्हती. आईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बसा. एवढी घड्याळं आणि तरी उशीर?"

"पाऊस होता, काकू."

"पाऊस सगळ्यांनाच असतो," आई म्हणाली, पण चहाला आधण ठेवलं. साखर विचारली. आई ज्याच्यावर नाराज असते त्याला साखर विचारत नाही.

मी पट्टा बांधून भिंगरीशेजारी आडवी झाले. दार अर्धं उघडं. बाहेरच्या खोलीत तो टॅब मांडीवर घेऊन खुर्चीत, पाठ आमच्याकडे. घरात पंख्याचा आवाज, खिडकीबाहेर पागोळ्यांचा.

"काका का आलेत?" भिंगरी कुजबुजली.

"आईचं हृदय बघायला."

"सापडलं?"

"झोप आता."

तिनं डोळे मिटले. मी नेहमीसारखी थोपटू लागले. आणि आकडा नेहमीसारखा चढू लागला. पंच्याण्णव. एकशे दहा. आता त्यालाही दिसेल. आता खरं होईल...

"एकशे वीस!" मी दाराकडे तोंड करून दबक्या आवाजात म्हटलं.

बाहेरून त्याचा आवाज, तितकाच दबका, गोंधळलेला. "इथे सत्तर आहे."

"काय?"

"पट्टा म्हणतो सत्तर. तुम्ही अगदी शांत आहात."

"मी अजिबात शांत नाहीये!"

"आता पंच्याहत्तर. ते माझ्यावर ओरडलात म्हणून."

त्याचं ऐकायला मी हात थांबवला होता. घड्याळाकडे बघितलं. आकडा खाली येत होता. शंभर. ऐंशी.

"आई, थोपट ना," भिंगरी झोपेत म्हणाली.

मी थोपटलं. आकडा चढला. थांबले. उतरला. मी श्वास रोखला. मग मुद्दाम सावकाश थोपटलं — आकडा सावकाश. भराभर थोपटलं — आकडा भराभर वर. माझा हात जसा नाचेल तसं घड्याळ नाचत होतं.

मी तोंडावर उशी दाबली. हसू होतं की रडू, आता ते विचारू नका. भिंगरीचा श्वास लांब झाल्यावर पावलं न वाजवता बाहेर आले.

"ते माझं हृदय मोजत नव्हतं," मी म्हटलं. "थोपटणं मोजत होतं."

तो खुर्चीतच वळला. "थोप..."

"सैल घड्याळ, आणि त्याच हातानं एका तालात थोपटायचं. त्याला वाटलं, हेच ठोके."

"आम्ही धावून बघितलं," तो हळूहळू म्हणाला. "दोरीवरच्या उड्या मारून बघितलं. हातोडी ठोकून बघितलं. थोपटून कुणी बघितलंच नाही! लॅबमध्ये कुणी कुणाला झोपवतच नाही ना." आणि मग त्यानं एकदम विचारलं, "म्हणजे तुम्ही बऱ्या आहात?"

"हो."

"पूर्ण बऱ्या?"

"हो हो!"

त्यानं डोळे मिटून इतका मोठा श्वास सोडला, की मला पहिल्यांदाच कळलं — ती काळजी घड्याळाच्या चुकीची नव्हती.

स्वयंपाकघरात आईनं भांड्यांचा मोठा आवाज केला. आपण ऐकत नाही आहोत हे आई असंच कळवते.

तो वायरी गुंडाळू लागला. एक वायर दोनदा गुंडाळली. "तर... बागेला नाही म्हणालात ते हृदयाच्या कारणानं. ते कारण आता गेलं." त्यानं वर बघितलं नाही. "दुसरं कारण असेल तर तेही सांगा. म्हणजे मी... म्हणजे मला तुम्ही दोघी आवडता. तुमच्या सगळ्या सूचनांसकट. असं काही मी कधी मोजलेलं नाही, त्यामुळे किती ते सांगता येणार नाही."

मला बोलायचं होतं. तोंड कोरडं पडलं होतं, कान गरम झाले होते. तीच ती लक्षणं! पण आता हृदय बरं होतं. आजार नव्हता. मग भीती? भीती होतीच — पुन्हा कुणी फोनच्या पडद्यावर हसण्यापुरतं उरलं तर? भिंगरीनं जीव लावला आणि मग...? पण नुसती भीती असती तर मी मागे सरकले असते. आणि मी तर दोन पावलं पुढे आले होते. कधी आले, मला कळलंच नव्हतं.

त्याची नजर टॅबवर गेली. छातीला पट्टा अजून तसाच होता. हिरवी रेघ वर निघाली होती.

त्याच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा पट्टा सरकला वाटतं."

"नाही सरकलेला."

"पण आकडा बघा ना, हा..."

"तेव्हाही सरकला नव्हता," मी म्हटलं.

तो थांबला. वायर हातातच राहिली. लॅब, भिंतीवरचा पडदा, ताईंचा खोकला, भिंतीपर्यंत जाऊन विजयानं ओरडणं — एकेक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर उजाडताना मी बघत होते. सगळ्यात शेवटी कान लाल झाले.

"एकदाही?" त्यानं विचारलं.

"एकदाही नाही."

त्यानं हात पुढे केला आणि टॅब हळूच पालथा घातला. दिवसभर आकडे बघणारा माणूस तो! "मग हे मी असं बघायला नको," म्हणाला. "तुम्ही तोंडानं सांगा."

"बागेत सांगते," मी म्हटलं.

आणि त्याच्या डाव्या हातावरचं एक घड्याळ वाजलं. मग दुसरं. मग उजव्या हातावरची दोन्ही. चारही काचांवर माझंच वाक्य उमटलं होतं: 'आपल्या हृदयाचे ठोके वाढले आहेत. कृपया शांत बसा.'

"ही सूचना कुणी लिहिली हो?" तो हात मागे लपवत म्हणाला.

"मी."

"काही उपयोग नाही हिचा."

दारात भिंगरी उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. एवढ्या आवाजात कोण झोपणार?

"काका, आता कुठलं बरोबर आहे?"

त्यानं गुडघे वाकवून दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिनं चारही काचा नीट तपासल्या. वाचता एकही येत नव्हती.

"चारही," तो म्हणाला.

"चारही?"

"पहिल्यांदाच."

"मग बागेत जायचं?" भिंगरीनं जागच्या जागी एक गिरकी घेतली. आमच्याकडे एकच छत्री असल्यासारखी आई आतून ओरडली, "छत्री न्या गं, एक पुरे!"

मी माझं घड्याळ काढून कपाटावर ठेवलं. पुस्तिकेत एक ओळ वाढवायची होती — 'मुलास थोपटताना घड्याळ दुसऱ्या हातात घालावे' — पण ती सोमवारी. उजव्या हातात भिंगरीचं बोट घेतलं, डाव्या हातात छत्रीचा दांडा. दांड्यावर माझ्या हाताशेजारी आणखी एक हात आला. त्या हातावर दोन घड्याळं होती.

दोन्ही अजून वाजत होती.